दरवाजासाठी उठलेला सभासद

त्याला काही विचारलं की तो आधी तंबाखू काढायचा. डाव्या तळहातावर घ्यायचा, चुना लावायचा आणि अंगठ्याने मळत राहायचा. मळून झालं की दोनदा थापटायचा, ओठात धरायचा आणि मग म्हणायचा, "सांगतो." तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. जव्हार कचेरीचं गाव, तिथे एवढा वेळ कोणाला होता? पण त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उत्तर तो जवळ ठेवायचा आणि पुन्हा तो माणूस दिसला की द्यायचा. माझ्या सासूने एकदा विचारलं होतं, यंदा तुमच्याकडे भात कसं आहे. उत्तर शिमग्याला आलं. "बरा व्हता," म्हणाला. सासूला प्रश्नही आठवत नव्हता.

तो वांगणीकडच्या पाड्यांचा पाटील. मी त्याला इथे 'तो' म्हणते आहे, त्यावरून कोणी नावं ठेवू नयेत. तो स्वतः सगळ्यांना 'तू' म्हणायचा, संस्थानच्या कारभाऱ्यांनासुद्धा. त्यांच्याकडे बोलायची रीतच तशी, त्यात अपमान नसतो.

माझा नवरा संस्थानच्या सभागृहावर पट्टेवाला होता. आम्ही त्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. सभेच्या दिवशी पाणी आणि चहा माझ्याकडे. मागच्या पडवीत माझी चूल होती आणि वर खिडकी. दिसायचं अर्धं, ऐकू सगळं यायचं. मी चौथी शिकलेली, त्यामुळे आतलं बोलणं कळतही होतं. न कळतं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटलं.

तुम्ही आता दिल्लीच्या मोठ्या सभेतली भांडणं रेडिओवर ऐकता आणि म्हणता, काय हे दिवस आले. मला काही नवीन वाटत नाही. आमची सभा एवढीशी होती, दोन बाकं आणि थोड्या खुर्च्या. दरबारने नेमलेले सभासद, मधे कारभारी. पण भाषणं हीच. आधी आभार मानायचे. मग दुसऱ्याने म्हणायचं, आधीच्या सन्माननीय सभासदांनी मानलेल्या आभारांत मी सहभागी आहे. एवढ्यात माझा एक हंडा संपायचा.

डोंगरातल्या गावांचाही एक माणूस असावा म्हणून पाटलाला नेमलं होतं. एरवी कचेरीत गेला तर त्याला "ए, बाजूला हो" म्हणायचे. सभेच्या दिवशी तोच कारकून "या, आपण इकडे बसा" म्हणायचा. पाटील वळून मागे बघायचा, की हा कोणाशी बोलतो आहे.

सभेच्या आदल्या दिवशी तो चालत यायचा आणि आमच्या पडवीत उतरायचा. रिकाम्या हाताने कधी आला नाही. करांद्याचे कंद आणायचा, कधी नाचणी, कधी मोहाची फुलं. आत जाण्याआधी कोयता काढून माझ्या नवऱ्याकडे द्यायचा. तीन-चार सभा झाल्या, तो एक अक्षर बोलला नव्हता. सगळे उठले की उठायचा. कारभारी खूश होते. असा शांत सभासद दुसरा नाही, म्हणायचे.

मी सांगते आहे त्या सभेपुढे राबाचा ठराव यायचा होता. ज्यांनी डोंगरातली शेती पाहिली नाही त्यांना सांगते. भाताचं आणि नाचणीचं रोप तयार करायच्या जागेवर झाडांचा टहाळ, शेण, पालापाचोळा आणि वर माती असे थर देतात आणि उन्हाळ्यात जाळतात. तो राब. त्या राखेत बी पेरलं तर रोप जोमाने येतं आणि गवत कमी होतं. राब नाही तर त्या उतारावरच्या जमिनीत खायला पुरेल एवढं येत नाही. ठराव असा होता की राबासाठी झाडावरचा टहाळ तोडायला बंदी. खाली पडलेला पाला घ्यावा.

पाड्यांतली माणसं घाबरली होती. पाटील जव्हारला यायला निघण्याआधी सगळे त्याच्या अंगणात जमले होते. त्याने त्यांना शब्द दिला होता, हा ठराव होणार नाही, मी तिथे आहे.

मी त्याला संध्याकाळी विचारलं, "पाटील, उद्या काय बोलणार?"

त्याने तंबाखू मळला. मी भाकऱ्या थापत होते, त्यामुळे या वेळी उत्तराच्या वेळी जागेवर होते.

"बोलायचा काय त्यात, बाय? मी बसनार."

सभेला गेलेला माणूस बसणारच. मी पुढची भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळभर चाललं ते कंदिलांवर. बाजारात दोन नवे कंदील लावायचे होते. ते देवळापुढे लावावेत की कापडवाल्याच्या दुकानापुढे, यावर एक वकील आणि एक लाकडाचा व्यापारी असे भांडले की माझ्या नवऱ्याला दोनदा आत जाऊन पाणी द्यावं लागलं. वकिलाने त्यात काशीचे दिवेही आणले. मग जेवणाची सुट्टी झाली. मग कंदील पुढच्या सभेवर टाकले.

राबाचा ठराव आला तेव्हा सगळ्यांना झोप आली होती. वकील उठले. डोंगरातले आपले गरीब बांधव किती कष्टाळू आहेत, किती भोळे आहेत, त्यांच्या हाताची नाचणीची भाकरी आपण कशी एकदा खाल्ली, हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस ठराव पाडतो. शेवटी म्हणाले, म्हणून त्यांच्याच हितासाठी जंगल राखलं पाहिजे, माझा पाठिंबा आहे. आणि बसले. लाकडाचा व्यापारी पण उठला आणि झाडांवरच्या आपल्या प्रेमाबद्दल बोलला. त्याच्या वखारीत ते प्रेम माळ्यापर्यंत रचलेलं होतं.

कारभाऱ्यांनी सांगितलं, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं."

मी चहा गाळायचा थांबवून खिडकीशी आले. पाटील मला पाठमोरा दिसत होता. ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. हलला नाही.

"सर्वानुमते मंजूर," कारभारी म्हणाले.

मला एवढा राग आला की पातेलं आपटलं. रात्रभर आमच्या पडवीत झोपतो, माझ्या हातची भाकरी खातो, पाड्यांना शब्द देऊन येतो, आणि वेळ आल्यावर साधं उभं राहता येत नाही? मला वाटलं, घाबरला. नाहीतर कोणी काही कानात सांगितलं.

सभा सुटली. सगळे चहाला बाहेर आले, चहा पिऊन घरी गेले. मी कप गोळा केले तर एक भरलेला. नवरा झाडू घेऊन आत गेला आणि तसाच परत आला.

"पाटील बसलाय आत," म्हणाला.

"उठवा मग."

"उठत नाही."

मी गेले. रिकाम्या खुर्च्यांमध्ये तो तसाच बसलेला, हात गुडघ्यांवर. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, बरं आहे. मग? त्याने हात वर करून समोरच्या रिकाम्या खुर्च्या दाखवल्या.

"हे गेले कुठं सगळे? मी बसलोय ना अजून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या पाड्यांत पंच बसतात तेव्हा बोलून बोलून झाल्यावर ज्याला पटलं तो उठतो, अंग झटकतो. ज्याला पटलं नाही तो बसून राहतो. बोलत नाही, भांडत नाही, फक्त बसतो. आणि एक माणूस जरी बसलेला असला तरी गोष्ट झाली नाही. बाकीचे परत येऊन बसतात. पुन्हा बोलतात. कधी दुसरा दिवस उजाडतो. बसलेल्याला टाकून घरी जायचं, हे तिकडे कोणी केलेलं नाही. आधीच्या सभांत त्याला पटत होतं म्हणून तो सगळ्यांबरोबर उठत होता. या वेळी पटलं नाही म्हणून बसला होता. त्या दिवशी सगळ्यांत जास्त विरोध त्यानेच केला होता, त्याच्या हिशेबाने.

"अहो पण त्यांनी उभं राहायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "मोठ्याने सांगितलं. मला बाहेर ऐकू आलं."

"ऐकलं मी. पन उभं राहून सकाळधरनं सगळेच बोलत व्हते, बाय. उभ्या मानसाचं कोनी ऐकलं काय?"

मी नवऱ्याला म्हटलं, कारकुनाला बोलवा.

नवऱ्याने कारकुनाला बोलावून आणलं. कारकून आधी हसला, मग चिडला. पाटील, ठराव झाला, म्हणाला.

"माझा नाय झाला."

"सर्वानुमते झाला."

"सर्वांत मी हाय ना?"

कारकून म्हणाला, याला बसू द्या, भूक लागली की उठेल, आणि निघून गेला. डोंगरातला माणूस भुकेने उठेल असं त्याला वाटलं, यावरूनच कळतं तो डोंगरात किती गेला होता.

पण आमची अडचण वेगळी होती. सभागृहाला कुलूप लावून किल्ली कारभाऱ्यांच्या घरी पोचवल्याशिवाय नवऱ्याची सुटका नव्हती. सभासदाला हात धरून बाहेर काढायची त्याची हिंमत नव्हती. मी स्पष्ट सांगितलं, "पाटील, तुमच्या बसण्याने दरबारचं काही अडलेलं नाही. आमचं अडलंय. यांची नोकरी जाईल."

त्याने तंबाखू काढला, मळला, थापटला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाला, "मी दरवाजासाठी उठतो. तुला कुलूप लावायचं हाय म्हनून. ठरावासाठी नाय उठत. तुम्ही दोघं साक्षी."

आम्ही हो म्हटलं. तो उठला. अंग झटकलं नाही. तसाच उंबऱ्याबाहेर गेला, कोयता मागून घेतला आणि त्याच पावली वांगणीच्या वाटेला लागला. जेवायलाही थांबला नाही.

माझं म्हणणं असं की त्याने तिथे गेल्यावर खरं सांगायला हवं होतं. आपल्याला त्यांची रीत कळली नाही, ठराव झाला, आता जपून राहा. पण त्याच्या दृष्टीने ते खोटं होतं. तो उठलाच नव्हता. त्याने सांगितलं, गोष्ट अजून लटकलेली आहे, पुढच्या सभेला परत बसू. आणि पौषात नेहमीसारखा पाड्यांतल्या माणसांनी टहाळ तोडला. पहिला घाव त्याचाच.

जंगलच्या शिपायांनी सगळ्यांचे कोयते जप्त केले. कोयता म्हणजे त्यांचा हात. लाकूड, गवत, कुडाची काठी, सगळं त्यावर. पाटलाला जव्हारला आणून जंगलच्या अधिकाऱ्यापुढे उभं केलं. त्याने तेच सांगितलं, ठराव झालेला नाही, मी दरवाजासाठी उठलो होतो, पट्टेवाल्याला विचार.

पट्टेवाल्याला बोलावलं. माझा नवरा भित्रा होता, पण तिथे त्याने खरं सांगितलं. हो साहेब, असं म्हणाला होता. अधिकारी हसला. मग शेजारचा कारकून हसला, मग दारातला शिपाई हसला. नवऱ्याने खोटं सांगितलं असतं तरी जे व्हायचं तेच झालं असतं. घरी येऊन तो जेवला नाही, आणि मी त्याला जेव म्हटलं नाही.

पाटलाला थोडे दिवस कोठडीत ठेवलं. मी भाकरी पाठवत होते. रिकामं फडकं नीट घडी करून परत यायचं, निरोप काही नाही. सुटल्यावर तो आमच्या दारावरूनच गेला असणार, कारण वाट तीच. पण आला नाही.

पुढच्या सभेला त्याच्या जागी दुसरा माणूस नेमला होता. साखरशेतकडचा, तरुण, थोडा शिकलेला, कोट घालून आला. राबावर काय बोलला म्हणता! राख, रोप, लेकरांची उपासमार, सगळं मुद्देसूद. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. वकिलांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. कारभारी म्हणाले, सन्माननीय सभासदांच्या भावनांची नोंद घेतली आहे. मग कंदिलांचा विषय निघाला. बंदी तशीच राहिली.

पाटलाची बायको मला एकदाच भेटली, जव्हारच्या बाजारात. टोपली पुढे ठेवून नाचणी विकत होती. दाणा बारीक, हातात घेतल्यावर कळत होतं. मी ओळख दिली. मग विचारलं, पाटील कसे आहेत. बरा हाय, म्हणाली. पाड्यात अजून पाटील तोच आहे, माणसांनी त्याला काढलं नाही, बोलही लावला नाही. मला बरं वाटलं.

"पंच बसतात तेव्हा असतात ना?" मी विचारलं.

तिने माप भरलं, वरचे दाणे हाताने सारखे केले.

"जातो," म्हणाली. "पन आता सगळ्यांच्या आधी उठतो."