चुन्याचा रिकामा चौकोन

परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, माझ्या बॉसला काहीच पसंत पडत नाही. दोन ओळींतलं अंतर चुकलं तरी सगळं परत पाठवतो." तुझी बहीण मागून हसत होती. मी तेव्हा विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हा दोघांसाठी सावकाश लिहिते आहे.

निवृत्त होण्याआधी मी गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका जिनिंग मिलच्या ऑफिसात होते. खरेदीदारांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायचा आणि गोदामातल्या गठाणींचे नंबर तपासायचे, हे माझं काम. जिनमध्ये कापसातून सरकी निघते. राहिलेली रुई प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्ट्या आवळून तिच्या गठाणी बांधतात.

माझ्या शेवटच्या वर्षांत तिथे नवे मॅनेजर आले. साहेब कधी ओरडत नसत. चूक दिसली की तिच्यावर बोट ठेवत आणि गप्प उभे राहत. समोरच्याला घाम फुटेपर्यंत बोट हलत नसे. गोदामातल्या थप्प्या ते दोरी धरून सरळ रचून घेत. माझी पत्रं एका स्वल्पविरामासाठी परत येत. मला त्याचा फारसा त्रास झाला नाही. टॉवेलची घडी वाकडी दिसली तर मी तुम्हाला कशी परत घालायला लावते, आठवतं ना? शिवाय मी लवकरच एक गोष्ट शिकले. पूर्ण झालेलं काम त्यांच्यापुढे न्यायचंच नाही. अर्धं असतानाच नेऊन विचारायचं, "इथवर ठीक आहे का?" मग ते काम त्यांचंही होई आणि बोट जरा सैल पडे. तुझ्या बॉसवर हे करून बघ.

पण बाकीच्यांनी वेगळाच उपाय शोधला. ते सांगेनासे झाले.

कापसात खडा आला आणि यंत्रात सापडला की ठिणगी पडते. पूर्वी असं झालं की जिन थांबे, आरडाओरड होई आणि त्या वेळी बांधलेल्या गठाणी आवारातल्या कडुलिंबाखाली वेगळ्या ठेवत. दाबलेल्या रुईत विस्तव गेला तर तो धूर न देता आतल्या आत कित्येक दिवस धुमसतो. म्हणून काही दिवस त्या गठाणींवर नजर ठेवायची आणि मगच त्या आत न्यायच्या, अशी तिथली जुनी रीत होती.

साहेबांनी आल्या आल्या त्या वाकड्यातिकड्या गठाणींवर बोट ठेवलं. "हे कोणाच्या हातून झालं?" प्रेसच्या मुकादमाला त्यांनी आठवडाभर घरी बसवलं. त्यानंतर लिंबाखाली एकही गठाण आली नाही. आवार आरशासारखं दिसू लागलं. मीही खूश होते. मग एक दिवस यंत्राजवळ वेचून ठेवलेल्या खड्यांचा ढीग दिसला. खडे तर पूर्वीइतकेच येत होते. मग ठिणग्या पडायच्या कशा थांबल्या?

एका दुपारी नंबर तपासायला गोदामाकडे गेले. संध्याकाळी मोठे खरेदीदार यायचे होते. गारव्यासाठी मिलमधल्या बाया रोज गोदामात, थप्प्यांच्या सावलीत जेवायला बसत. त्या दिवशी मुकादमाची बायको एकटीच बाहेर, दाराशी डबा उघडून बसली होती.

"आज बाहेर काऊन?" मी विचारलं.

"आमचे मालक म्हणे, आज गोदामात नोको बसू."

आतून एकजण ओरडली, "येवढी वर्सं झाली लगनाले, आज आठवण आली बायकोची!"

"तं साडी मागून घे, येडे!" दुसरी म्हणाली. "उद्या आठवण राह्यते का नाई, कोनाले मालूम!"

सगळ्या खळखळून हसल्या. तीही लाजून हसली. मला मात्र तो खड्यांचा ढीग आठवला.

मी थप्प्यांच्या मधून आत गेले. शेवटच्या ओळीपाशी वास आला. इस्त्रीखाली कापड करपावं तसा, पण अगदी पुसट. एकेका पट्टीला हात लावत गेले. सगळ्या गार होत्या. एक कोमट लागली.

परत येऊन मी बायांना एवढंच म्हटलं, "साहेब येताहेत." डबे उचलून सगळ्या एका दमात बाहेर गेल्या.

मुकादम धावत आला. "मॅडम, साहेबाले नोका सांगू. सकाळी ठिणगी पडली. सांगलं असतं तं या टायमाले पुराच घरी बसलो असतो. खरेदीवाले गेले की मी काढतो ना गठाण."

"आणि या बाया?"

त्याने दाराकडे, बायकोकडे पाहिलं.

मी केबिनमध्ये गेले. 'आग' म्हटलं असतं तर साहेबांनी आधी 'कोणी?' विचारलं असतं. मी म्हणाले, "सर, शेवटची थप्पी बरोबर नाही." ते पेन ठेवून लगेच उठले.

गोदामात मी ती गठाण दाखवली. त्यांनी सवयीने पट्टीवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. एवढ्यात ती चांगलीच तापली होती.

"कोणी?"

"आधी बाहेर काढू या, सर."

दोरी धरून रचलेली ती थप्पी त्यांनी क्षणभर पाहिली. मग स्वतः वर चढून गठाणी ढकलू लागले. ती गठाण मोकळ्या जागेत नेऊन पट्टी तोडली. रुई सुस्कारा टाकावा तशी फुगली. आतला भाग काळा होता. वारा लागताच लाल झाला आणि पुरुषभर ज्वाळा उठली. बाया हातात डबे धरून बघत होत्या. मुकादमाची बायको नवऱ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली चुन्याचा चौकोन आखला गेला. संशयाच्या गठाणींसाठी. कोपरे गुण्या लावून काढलेले. त्याच सकाळी मुकादमाला काढून टाकलं.

मी साहेबांना म्हटलं, "त्याला काढलंत तर यापुढे कोणी सांगणार नाही."

"मॅडम, ठिणगी मी माफ केली असती. लपवणं माफ करणार नाही."

ते खोटं बोलत नव्हते. पण कामगारांना चौकोन दिसला नाही. मुकादम फाटकातून जाताना दिसला.

मग मला जमण्यासारखं एकच होतं, ते मी केलं. साहेबांना सांगितलं, गोदामात जेवणामुळे फरशीवर चटणीचे डाग पडतात. चार दिवसांत बायांसाठी फाटकाजवळ पत्र्याची शेड उभी राहिली. गोदामात जेवायला बंदी झाली. मार्चमध्ये पत्रे तापले तेव्हा बाया मला ऐकू जाईल असं बोलत, "मॅडमनं आमाले सावलीतून काढलं, माय!" मी बोलू दिलं.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत त्या चौकोनात एकही गठाण आली नाही. चुना दर महिन्याला नवा होई. यंत्राजवळ खड्यांचा ढीग तेवढाच असे. जेवणाच्या सुट्टीत मी गोदामात एकटी जाई आणि एकेका पट्टीला हात लावत शेवटच्या ओळीपर्यंत चालत राही.

आता तिथे कोण हात लावून बघतं, मला माहीत नाही.