क्ष-किरण यंत्र कुणाच्या खोलीत

तैवानातल्या आमच्या ताइनानच्या विद्यापीठात प्राध्यापक निवृत्त होतात, सू-ओताई होत नाहीत. खनिजांच्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं सहायक आहेत. दगडात नेमकी कोणती खनिजं आहेत हे सांगणारं क्ष-किरण यंत्र तीन विभागांनी मिळून मागवलं, तेव्हा अर्जात ‘सामायिक’ हा शब्द नऊ वेळा होता. नऊही वेळा ताईंनीच लिहिलेला. त्यासाठी तळमजल्यावरची दगडांची कोठीही त्यांनीच दोन आठवडे खपून रिकामी केली.

यंत्र आलं ते थेट तिसऱ्या मजल्यावर, खनिज विभागाच्या लाय सरांच्या खोलीत. त्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली सरांच्या खिशात.

“सुरक्षिततेसाठी हो,” सर म्हणाले. “वापरा की सगळ्यांनी. मला विचारून.”

“मागचं सूक्ष्मदर्शकही असंच सामायिक होतं, सर,” ताई म्हणाल्या. “सिरॅमिक विभागाच्या पोरींनी ते अजून पाहिलेलं नाही.”

सर हसले. कंपनीचा तंत्रज्ञ श्ये जोडणी आटोपून हात पुसत म्हणाला, “हिरवा पुडा कुठंय?”

मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा यंत्राच्या डोक्यावर ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुणी यंत्र सुरू करत नाही. पुडा असला की यंत्र शहाण्यासारखं वागतं. याला पुरावा नाही. आणि उलट पुरावा शोधायची कुणाची छातीही नाही.

ताईंनी पिशवीतून पुडा काढून दाखवला. “आहे ना. पण हा कोठीतल्या यंत्रासाठी.”

लाय सर स्वतः दुकानात गेले. परीक्षेच्या दिवसांत मुलंही नेतात, म्हणून हिरवे पुडे संपलेले असतात. त्यांनी लाल आणला.

“सर, लाल प्रेम जमावं म्हणून ठेवतात,” श्ये म्हणाला. “मी नाही बटण दाबणार. मला नोकरी टिकवायचीय.”

“अंधश्रद्धा! मी डॉक्टरेट केलीय.”

“मग तुम्हीच दाबा की,” ताई म्हणाल्या.

सरांचं बोट बटणापाशी गेलं. तिथं जरा थांबलं. मग त्याच बोटानं त्यांनी चष्मा वर सरकवला.

“कोठीत ओल आहे,” ते म्हणाले.

“होती. मी काढली.”

संध्याकाळपर्यंत यंत्र खाली आलं. ताईंनी दारावर वही टांगली: जो येईल त्याचं नाव, येईल त्या क्रमानं. लाय सरांचा नंबर चौदावा लागला, सिव्हिलच्या एका मुलीच्या मागे.

“ताई, जरा मधे घ्या ना. शोधनिबंध अडकलाय माझा.”

“हिचाही अडकलाय,” ताई म्हणाल्या. “आणि नमुना बारीक वाटून आणलाय का, सर? नसेल तर पंधरावे.”