सातव्या पावलाच्या आत

आधीच शपथ घेऊन सांगतो, पुढं लिहिलेला शब्द न शब्द खरा आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ! आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्या बाजूनं पाहिलेलं थोडं इकडं-तिकडं झालं असेल, तेवढं चालवून घ्या. आणि हो, एक गोष्ट तर चक्क रचलेली आहे. कुठली, ते शेवटी सांगतो. तोवर अंदाज बांधा. आजवर एकाचाही बरोबर आलेला नाही!

आमच्या घरात किस्से कुणी जमवत नाही. सेलमधल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. एकावर एक फ्री! एक सांगायला काढावा तर झाकणासकट दुसरा अंगावर येतो.

मी साताऱ्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. घरात बायको कुंदा, माझी आई, आणि पुण्याला नोकरी करणारी एकुलती एक पोरगी प्राजू. कुंदाचं माहेर सांगलीजवळचं माधवनगर. तिची थोरली बहीण आक्का अजून तिथंच असते. आणि घासाघीस या विषयात आक्का म्हणजे विद्यापीठ!

आक्काचा नियम सोपा आहे. भाव विचारायचा. निम्मा करायचा. नाक मुरडायचं. आणि पाठ फिरवून चालायला लागायचं. सात पावलं. सातव्या पावलाच्या आत दुकानदार हाक मारतोच. "ओ ताई, या, या! तुमचं नको, माझं नको!" म्हणजे झाला सौदा, मधल्या भावाला.

अट एकच. मागं बघायचं नाही.

*

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. रविवारच्या बाजारात कुंदानं एक सोलापुरी चादर हेरली. भाव विचारला, निम्मा केला, नाक मुरडलं. तिचं नाक त्या कामासाठीच घडवलंय. मग माझा दंड धरून निघाली.

एक पाऊल, दोन, तीन... चौथ्याला मला राहवेना. चादर छान होती हो! निळ्या रंगावर पांढरी फुलं. मी मान वळवली.

चादरवाला माझ्याकडंच बघत होता. इतकं गोड हसला की काय सांगू! खाली बसला आणि तंबाखू मळायला लागला.

"आता त्याचा बाप पण कमी करणार नाही," कुंदा दात आवळून म्हणाली.

पूर्ण भाव देऊन आणली. आज सत्तावीस वर्षं झाली, घरात तिचं नाव 'मागं बघितलेली चादर' असंच आहे. पाहुणे आले की कुंदा मोठ्यांदा विचारते, "यांना कुठली देऊ? मागं बघितलेली देऊ का?"

*

आक्काचा प्रताप याहून मोठा. सांगलीत एक नवं साडीचं दुकान निघालं. काचेचं दार, एसी, आणि आत केवढा तरी बोर्ड: 'एकच भाव. घासाघीस करू नये.'

आक्कानं साडी बाजूला ठेवली. मालकाला म्हणाली, "हा बोर्ड केवढ्याला?"

मालक हसला. "आवं मावशी, तो विकायला न्हाई."

"दुकानात हाय न्हवं? मग इकायलाच की! सांगा, सांगा."

मालकानं चेष्टेत म्हटलं, "द्या शंभर."

"पन्नास."

मालक मान हलवायला लागला. आक्का वळली. पाचव्या पावलाला हाक आली. साठ रुपयांत सौदा झाला. आक्कानं रोख साठ मोजले, स्टुलावर चढून स्वतः बोर्ड उतरवला, काखेत मारला आणि म्हणाली,

"हां. आता बोर्ड माझा. साडी कितीला सोडता बोला!"

*

दोन वर्षांमागं आईच्या गुडघेदुखीनं उचल खाल्ली. जिना चढवेना, देवळात जाणं बंद. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल." खर्चाचा आकडाही सांगितला. मी मनातल्या मनात पीएफ मोजायला लागलो. कुंदाच्या मात्र अंगात आलं!

"दोन्ही गुडघे एकदम घेतले तर?"

डॉक्टर चष्मा काढून बघत राहिले. "काय?"

"जोडीचं काय पडेल ते सांगा. व्यवहाराचं बोला."

"अहो बाई, हे हॉस्पिटल आहे!"

झालं. कुंदानं नाक मुरडलं. सवय हो, दुसरं काय! आईचा हात धरला आणि पाठ फिरवून निघाली. आईला पण नियम पाठ. ती कण्हत नाही, कुंथत नाही. एक पाऊल, दोन, तीन... सून पुढं, सासू मागं, आणि मागं बघायचं कुणी नाव घेईना. दोघी दारापर्यंत पोचल्या.

सातव्या पावलाला हाक आली! "अहो, थांबा, थांबा!"

कुंदा विजयी मुद्रेनं वळली. डॉक्टर खुर्चीतून उठून आईच्या पायांकडं बघत होते.

"आजी तर चांगल्या चालतायत की! मग ऑपरेशनची घाई कशाला? तीन महिने व्यायाम करून बघू."

रिक्षात बसल्या बसल्या आई कुंदाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "पोरी, शंभर टक्के डिस्काउंट काढलास गं!"

*

मग ऑनलाइन सेल आले. मला वाटलं, आता बाईची विद्या संपली. मोबाईलपुढं कुणाला नाक मुरडणार?

कुंदानं मिक्सर निवडला, खरेदीच्या पिशवीच्या चित्रात टाकला, पैसे भरायच्या पानापर्यंत गेली. आणि फोन ओट्यावर ठेवून पाठ फिरवली! मी बघतोय. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, मोजून सात पावलं. मग पंखा लावून बसली.

"अगं, त्याला काय दिसतंय तू गेलीस ते?"

"गप्प बसा. मागं बघू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना फोन वाजला. टिंग! 'तुम्ही काहीतरी विसरलात. आजच घ्या, दहा टक्के सूट!'

कुंदानं चहाचं गाळणं उंच धरलं आणि ओरडली, "बघा! सातव्याच्या आत!"

*

या नियमाला घरात फक्त एक माणूस घाबरायचा. प्राजू. आणि तिला कारण होतं.

तिच्यासाठी फलटणचं एक स्थळ आलं होतं. बागायत ऊस, दारात गाडी. बोलणी चालू असताना कुठल्याशा मानपानावरून कुंदानं भर बैठकीत पाठ फिरवली. आम्ही सगळे तिच्या मागं. सात झाली, आठ झाली, नऊ झाली. हाक नाही! उलट मागं दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

प्राजूला तो मुलगा पसंत नव्हताच, तिनं घरी येऊन पेढे वाटले. पण मला त्या कडीचा आवाज विसरता येईना. कधी कधी हाक येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग गेल्या वर्षी प्राजूनं सांगितलं, "बाबा, माझं एक ठरलंय." अभय. तिच्याच ऑफिसातला. सांगलीचा. वडील हळदीचे व्यापारी, भूपालआण्णा. घर जैन. आमच्यात एवढं तेवढं कुजबुजलं गेलं, पण पोरगा घरी आला, आईचे गुडघे विचारून गेला, त्यात सगळं मिटलं.

बोलणी करायला सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी प्राजू मला गच्चीवर घेऊन गेली. वाळत घातलेल्या त्या निळ्या चादरीआड उभी राहून म्हणाली,

"बाबा, हे स्थळ नाही. हा अभय आहे. इथं पाठ फिरवायची नाही. आईला सांगा."

मी सांगितलं. कुंदानं देवाला हात लावून कबूल केलं. "मी काय वेडी आहे का?"

*

सांगलीत आण्णांच्या घरी शिरलो. मी, कुंदा, आक्का, प्राजू. घरभर हळदीचा वास. आत अभयची आई पुऱ्या लाटत होती, कारण त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण. उन्हं कलली होती.

सुरुवात तर झकास झाली! आण्णा म्हणाले, "जेवणात कांदा, बटाटा, जमिनीखालचं काय बी नको." कुंदा म्हणाली, "चालेल, पण पेढे साताऱ्याचेच." आण्णा म्हणाले, "व्हय." अभय आणि प्राजू एकमेकांकडं बघून हसले.

आता आण्णा बोलायला कमी. पूर्वी हळदीच्या पेठेत सौदा तोंडानं होतच नसे. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. आण्णांची ती सवय काही सुटलेली नाही. विषय निघाला, मुलाकडची माणसं किती? आण्णा माझ्या शेजारी सरकले, माझ्या हातावर रुमाल टाकला आणि खालून माझी तीन बोटं दाबली.

मला वाटलं, व्याही गहिवरला! मलाही भरून आलं. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि पाची बोटं दाबली.

आण्णा ताडकन उठले. "पाचशे? आवं, मी तीनशेच म्हणत हुतो! लय मोठ्या मनाचा माणूस गड्या!"

कुंदानं माझ्याकडं जे बघितलं, त्यापुढं चादरीच्या वेळचं तिचं बघणं म्हणजे माया होती. आता तिला कुठंतरी भरून काढणं भागच होतं.

"मग लग्न साताऱ्यात," ती म्हणाली. "पाचशे माणसं जेवायला आमच्या दारात येतील."

"लग्न सांगलीत," आण्णा म्हणाले. "पाचशे माणसं मी गाड्यांनी न्हेऊ व्हय?"

"साताऱ्यात!"

"सांगलीतच!"

कुंदाचं नाक हललं. मी बघितलं. प्राजूनं बघितलं. मी म्हणालो, "कुंदा, अगं..." पण उशीर झाला होता. नाक मुरडलं गेलं, पाठ फिरली! कुंदा पुढच्या दाराकडं निघाली. तिच्या मागं आक्का. माझा दंड कुंदाच्या मुठीत.

आणि तेवढ्यात आण्णांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला, टोपी घातली आणि ते मागच्या दाराकडं निघाले! पेठेतला गडी तो, त्यालाही नियम ठाऊक. माणूस स्वतःच्याच घरातून सौदा मोडून निघाला!

एक पाऊल. दोन. पुढच्या दाराकडं आम्ही, मागच्या दाराकडं आण्णा. मधे हॉलमध्ये दोन पोरं, तोंडं पांढरी पडलेली. दोन्हीकडची माणसं हाकेची वाट बघणारी, मग हाक मारणार कोण?

तीन. चार. "पुऱ्या गार व्हायला लागल्यात वो!" आतून अभयची आई. पण ती हाक धरत नाहीत.

पाच. माझ्या कानात फलटणची कडी वाजायला लागली.

सहा.

आणि हॉलमधून प्राजू ओरडली, "ओ, या! या, परत या! तुमचं नको, आमचं नको... कराड!"

कुंदा वळली. तिकडं आण्णा वळले. साताऱ्याहून निघालं काय नि सांगलीहून काय, मधे कराड येणारच! पुरी तळल्याचा आवाज तेवढा.

आण्णांनी टोपी काढली. "कराड?"

आक्का परत येऊन पाटावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "परवडत न्हाई. पर गिऱ्हाईक वळकीचं हाय, दिलं!"

दिवस मावळायच्या आत सगळे जेवलो. पुऱ्या गरम होत्या. लग्न कराडला झालं, त्यांच्या पाचशे माणसांसकट.

*

आता कबुली. आईचे गुडघे खरे, टिंग खरं. बोर्ड तर आक्काच्या स्वयंपाकघरात अजून लटकतोय, येऊन वाचा. बाहेर सांगताना कसं सांगायचं ते कुंदानं बजावलंय, घराण्याची अब्रू आहे म्हणते. पण शपथ घेऊन बसलोय, तेव्हा सांगतो.

ती हाक प्राजूची नव्हती, माझी होती. तिच्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता. मला ते दिसलं, कारण सहाव्या पावलाला मी मागं बघितलं होतं.