नदीकाठच्या चार खोल्या

टेक्सासमधल्या अर्विंग गावातल्या ऑफिसात मला मध्य आफ्रिकेतल्या एका देशाच्या पर्यटनाचं काम मिळालं, तेव्हा तो देश नकाशावर कुठे आहे ते मी आधी फोनवर शोधलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेलच. तिथल्या सरकारला वेबसाइट हवी होती: जंगल, धबधबे, राहायच्या जागा, बुकिंग.

मजकूर तपासायला कंपनीने त्याच देशातली एक बाई घेतली होती. माझ्याच वयाची. तिकडे ती कॉलेजात भूगोल शिकवायची. निवडणुकीनंतर विद्यार्थ्यांच्या मोर्चात गेली, सोबतच्या दोघांना पोलिसांनी उचललं, तेव्हा ती निसटून इकडे आली. आश्रयाचा अर्ज पडून होता. ऑफिसात हे फक्त मला माहीत होतं.

“मग त्यांचंच काम कशाला करतेस?” मी एकदा विचारलं.

“भाडं भरायचंय. आणि दिवसभर घराकडचे फोटो बघायला मिळतात.”

माझा अर्ज नव्हता, पण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. अमेरिकेबाहेर पडले तर परत यायला वकिलातीची अपॉइंटमेंट लागणार, आणि ती मिळत नव्हती. नागपूरला भाचीचं लग्न मी व्हिडिओवर पाहिलं. हळदीच्या गडबडीत कुणीतरी फोन खुर्चीवर उताणा ठेवला आणि बराच वेळ मी मांडवाचं छत बघत बसले. ते तिला सांगितलं तर ती खूप हसली.

राहायच्या जागांमध्ये नदीकाठचं एक गेस्टहाउस होतं. पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या. “हे माझ्या आईचं,” ती हळूच म्हणाली. आईला त्रास नको म्हणून ती थेट फोनही करत नसे. शेजारच्या देशातल्या मावसबहिणीकडून निरोप यायचे.

जागा पाहायला मॅनेजर स्वतः तिकडे गेला. त्याचा पासपोर्ट अमेरिकन, त्याला कसली अडचण? एका सकाळी माझ्या लॅपटॉपवर त्याचा कॉल आला. ती शेजारीच बसली होती. स्क्रीनवर नदी, पानात भाजलेला मासा, आणि रंगीत लुंगीतली एक वयस्क बाई. तिच्या मागे पर्यटन खात्याचा माणूस उभा.

“हिला भेटा,” मॅनेजर खुशीत त्या बाईंना म्हणाला, “माझ्या टीममधली. तुमच्याच देशाची आहे.”

मला कॅमेरा बंद करायचं सुचलंच नाही. तीही हलली नाही. आईने फोनकडे नीट पाहिलं. खात्याच्या माणसाने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, आईने मान हलवली. मग पदराला हात पुसावेत तसे लुंगीला हात पुसून ती स्क्रीनला म्हणाली, “नमस्कार, मॅडम. कधी आमच्याकडे या.”

“येईन,” माझ्या शेजारून ती म्हणाली.

कॉल संपल्यावर तिने मला अर्थ सांगितला. त्या माणसाने विचारलं होतं, ओळखता का? आई म्हणाली, नाही.

आम्ही पार्किंगमध्ये माझ्या गाडीत जाऊन बसलो. उकाडा होता, मी एसी लावला.

“ते गेस्टहाउस साइटवरून काढू का?” मी विचारलं.

“नको. लोक जाऊ देत. आईला गिऱ्हाइकं हवीतच.” मग एसीची जाळी दुसरीकडे वळवत, “बारीक झालीये.”

साइट सुरू झाली आणि खरंच लोक जाऊ लागले. आपलं काम चाललं याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही. टेक्सासमधलंच एक जोडपं त्या खोल्यांत राहून आलं आणि त्यांनी साइटवर भरभरून लिहिलं. नदी, मासा, पहाटेचे पक्षी. शेवटी एक वाक्य होतं: मालकीणबाईंचा गुडघा दुखतो, तरी सामान स्वतः उचलतात, तुम्ही गेलात तर त्यांना उचलू देऊ नका.

तिने ते दोनदा वाचलं. “गुडघ्याचं मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिच्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी पुन्हा पुढे गेली. मला अपॉइंटमेंट अजून मिळालेली नाही. जोडप्याचं ते वाक्य वाचून पाहुण्यांना गैरसोय वाटेल म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी ते काढायला सांगितलं, तेव्हा मी मॅनेजरला म्हटलं, राहू द्या. ते राहिलं.