आडनावाचं गाव

होणाऱ्या जावयाचं आडनाव मला पहिल्या दिवसापासून खटकलं. लीड्समध्ये चौतीस वर्षं जीपी म्हणून काढली, रोज यादी वाचून पेशंटांना हाका मारल्या. पण हे आडनाव एकदाही समोर आलं नव्हतं. इंग्रजाचं आडनाव इंग्लंडमध्येच सापडू नये म्हणजे काय? हे लोक कशावर तरी पांघरूण घालताहेत, अशी माझी खात्रीच झाली.

लग्न ठरताना आपल्याकडे मूळ गाव विचारतात. मीही होणाऱ्या व्याह्यांना चहाला बोलावून विचारलं. ते निवृत्त पोस्टमन, सावकाश बोलणारे. म्हणाले, आडनाव गावावरूनच पडलंय, इथून तासाभरावरच्या. मी लगेच नकाशा पुढे केला. त्यावर ते गाव नव्हतं.

"हो, आता नाहीये ते," ते शांतपणे म्हणाले.

किती सोयीचं! मी आणखी चार खोचक प्रश्न विचारले. ते गेल्यावर मुलीने घर डोक्यावर घेतलं.

"बाबा, तुम्ही त्यांचं पोलीस इंटरव्ह्यू घेत होते! इट वॉज हॉरिबल. शनिवारी ते आपल्याला तिकडे नेणारेत. तरी तुमचा शंका गेला नाही ना, तर वेडिंगला येऊच नका."

ती बोलते ते करते. तरी माझा संशय काही जाईना.

शनिवारी गेलो, तर नुसतं कुरण, मेंढ्या आणि छप्पर नसलेलं एक चर्च. व्याही चिखलातून पुढे चालत गवताखालचे उंचवटे दाखवत होते. हा रस्ता, ही घरं. पोटासाठी पहिला जो बाहेर पडला, त्याला परक्या गावातले लोक या गावाच्या नावाने ओळखू लागले. पुढे जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून त्याने उरलेल्यांनाही हुसकावलं. आता ते आडनाव लावणारं यांचं एकच घर राहिलंय.

उंचवटे काय, कुणीही दाखवील, असं माझ्या मनात आलं. मुलगी माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"तुमचं आडनाव कशावरून पडलं?" व्याह्यांनी विचारलं.

"गावावरूनच," मी म्हटलं.

"मग आम्हालाही दाखवा की एकदा!"

मी सहा वर्षांचा असताना आमचं गाव धरणात गेलं.

"ते आता नाहीये," मी म्हणालो. "पाण्याखाली आहे."

आता हे हसणार, म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. नकाशा मागितला नाही.

"तुमचं घर कुठल्या बाजूला होतं?" एवढंच विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नदी इकडून यायची, देऊळ तिथे होतं, असं सांगत त्यांच्याच कुरणात मी बोटाने आमचं घर दाखवू लागलो.