आप्पांचा ठसका

तुमच्या घरातलं सगळ्यात गंभीर माणूस हसतं कसं, हे तुम्हाला आठवतं का? चेहरा नव्हे, आवाज. नीट आठवून पाहा. मी गेले कित्येक महिने प्रयत्न करतेय आणि मला जमत नाहीये.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी होते. दिवसभर पाठीवर पोती आणि संध्याकाळी संघटनेचं काम. मागण्यांची पत्रकं तेच लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘वेतनवाढ’ लिहिता यायचं. घणसोली गावात आमची भाड्याची एक खोली होती. छापखान्यातून गठ्ठा आला की घरातल्या सगळ्यांनी घड्या घालायला बसायचं. कागद दुमडायचा, चमच्याच्या पाठीने दाबायचा, बाजूला ठेवायचा. मोकळी जमीन फक्त टीव्हीसमोर होती, म्हणून हे काम टीव्हीसमोरच चालायचं.

त्या काळातल्या विनोदी मालिका मला अजून तोंडपाठ आहेत. एकीत दोन शेजाऱ्यांत मिळून एकच टेलिफोन होता आणि तो मधल्या भिंतीतल्या खिडकीत ठेवलेला असायचा. पण आमच्या घराची खरी लाडकी मालिका विसरभोळ्या शिंप्याची. दर भागात कुणाची तरी पँट भलत्याच गिऱ्हाइकाकडे जायची. नवरदेवाला हवालदाराची, हवालदाराला पुजाऱ्याचं धोतर. तेवढंच. तरी आम्ही आठवडाभर वाट बघायचो. घरमालकीण काकूही यायच्या, कारण त्यांच्या घरी मुलं क्रिकेट सोडून काही लावू देत नसत. त्या दारातच बसकण मारायच्या आणि ओरडायच्या, “आवाज मोठा कर गो, काय बोलतंय त्यो कलत नाय!”

आप्पांना हे मान्य नव्हतं. “हसून कुठली मागणी मान्य झालीय?” असं म्हणून ते टीव्हीकडे पाठ करून बसायचे, तोंड भिंतीकडे, हातात चमचा. शिंपी चुकीची पिशवी उचलायला लागला की आप्पांची पाठ ताठ व्हायची. मग खांदे हलायला लागायचे. मग रचलेल्या थप्पीतून एक पोतं घसरावं तसा आवाज यायचा, आणि लगेच खोकला.

“ठसका लागला,” ते भिंतीला सांगायचे.

“बरोबर पँट बदलल्यावरच लागतो बरा,” आई म्हणायची.

“पाणी दे.”

“शिंप्याकडं मागा.”

आई बाजारातल्या माणसांसाठी खानावळ चालवायची. दुपारी पोळ्या लाटताना करमणूक हवी म्हणून ती मालिकेचा आवाज टेपवर भरून ठेवायची. स्टुलावर टेपरेकॉर्डर, तोंड टीव्हीकडे. टेप सुरू झाला की घरात कुणी शिंकायचंही नाही. आप्पांचा ठसका आला की आई डोळे वटारायची. शिंप्याचे तिचे सगळ्यात आवडते भाग एका कॅसेटमध्ये होते आणि त्यावर चुकून कुणी काही भरू नये म्हणून तिने कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडून टाकली होती.

मग बाजारात मोठी सभा ठरली. आप्पांना आपलं भाषण स्वतःच्या कानाने ऐकून तपासायचं होतं. घरात कोरी कॅसेट नव्हती. त्यांनी आईची कॅसेट काढली, मोडलेल्या पट्टीच्या खाचेत पत्रकाच्या कागदाची बारीक घडी कोंबली, म्हणजे टेप पुन्हा भरता येते, आणि शिंप्यावरच भाषण भरलं. आमच्या घरात पत्रकाने काहीही दुरुस्त व्हायचं, हलणारा पाट, वाजणारी खिडकी, आणि हेही. आई म्हणाली, “असू दे, शिंपी काय, परत लागंल.” शिंपी परत लागला नाही, मालिका संपली होती. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. भाषण मोठं, विनोद छोटा, हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं.

आप्पा गेल्यावर आईने काही महिने काहीच मागितलं नाही. मग एक दिवस म्हणाली, “त्या शिंप्याच्या कॅसेटमधी त्यांचं हसणं आसंल बघ. भाषणाच्या फुडं थोडी टेप उरली आसंल.”

मालिका मला फोनवर पाच मिनिटांत सापडली. हरवली ती मालिका नव्हतीच. कॅसेट पेटीत होती, खाचेतला कागद पिवळा पडला होता. टेपरेकॉर्डर शिरवण्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून पट्टा बदलून आणला. आई जवळ सरकून बसली.

“कामगार बंधूंनो,” आप्पा म्हणाले. आवाज खणखणीत, एकही शब्द अडला नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्याकडे छापील आहे.

“फुडं घे,” आई म्हणाली.

भाषण संपलं. खट्‌ असा आवाज आला आणि मध्येच शिंप्याची मालिका सुरू झाली. हवालदार दुकानात शिरला, त्याने पिशवी उघडली. मागे बारीक, दाबलेला, घशातून निघायच्या बेतात असलेला एक श्वास. आणि त्यावर तरण्या आईचा आवाज, “शू! टेप चाललाय!”

मग फक्त हवालदार. मग टेप संपली.

आईने पदर तोंडाला लावला. “मीच गप केलं गं त्यांना.”

“तू एकटीने नाही,” मी म्हणाले. आणि ते तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. आप्पांच्या पत्रकांत आम्ही कामाचे तास कमी करून मागितले, साप्ताहिक सुट्टी मागितली, लढून मिळवलीही. त्या सुट्टीत माणसाने भिंतीकडे तोंड न करता हसावं, हे कलम कुणी लिहिलं नाही. ज्यासाठी लढलो तेच घरात लपवावं लागत होतं. संघटनेच्या मागण्या आता मी लिहिते, त्यातली एकही मागे घेत नाही. पण ते कलम राहून गेलं आणि आता ज्याच्यासाठी लिहायचं तो माणूस नाही.

आईने डोळे पुसले आणि टेप उलट फिरवायला सांगितली. त्या दाबलेल्या श्वासापर्यंत. तिने तो पुन्हा ऐकला, आणि पुन्हा.

म्हणून ही विनंती. आज घरी गेलात की तुमच्या त्या गंभीर माणसाला आवडणारी एखादी जुनी विनोदी मालिका लावा. फोनवर आवाज रेकॉर्ड करायला ठेवा आणि फोन त्याच्याजवळ ठेवा, टीव्हीजवळ नको. आणि तो हसायला लागला की कुणालाही ‘शू’ म्हणू देऊ नका.