आधी कंपाउंडर

आमच्या कंपाउंडरनं हात हातात घेतला, की पाहुण्यांना वाटायचं, काय मायाळू पोरगी आहे! मग लक्षात यायचं, की तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर आहे आणि ओठ आकडे पुटपुटतायत. तिच्या तावडीतून दूधवाला सुटला नाही, की हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेल्या शेजारणी सुटल्या नाहीत. "मामा, तुमचे ठोके लई पळतेत," ती मला म्हणायची. मी तर दिवसभर खुर्चीत बसलेला असतो. मग पळतंय कोण, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

ही माझी भाची, पिशोरच्या ताईची मुलगी. बारावीनंतर नीटच्या परीक्षेत तिचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला आणि पुन्हा तयारी करायला ती आमच्याकडे पुंडलिकनगरला आली. इथवर मला सगळं कळलं होतं. आल्या आल्या तिनं जाहीर केलं, की क्लास दुपारी आहे, सकाळी आपण एखाद्या दवाखान्यात काम धरणार. पडेल ते.

"कशाला?" दाजी फोनवर ओरडले.

"रक्त बघून मला कसंतरी होतं, अप्पा. जमतंय का ते बघते. नाय जमलं तर फॉर्म भरत नाय."

"हॉटेल काढायच्या आधी लोक कपबशा विसळतेत का?"

"व्हय. विसळाव्या की."

"मग हो कंपाउंडर!" म्हणून दाजींनी फोन ठेवला. नाव त्यांनी ठेवलं, ते घरभर केलं मी.

"बघितल्याबिगर कसं सांगू?" हे तिचं पालुपद. टरबूज चीर मारून दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, चप्पल घालून अख्ख्या दुकानाला फेरी मारल्याशिवाय पसंत करायची नाही. "अगं, डॉक्टरकी म्हणजे काय चप्पल आहे का?" मी एकदा विचारलं. "चप्पल निदान बदलता येते, मामा," ती म्हणाली.

काम शोधायचं माझ्याकडे आलं, कारण संभाजीनगरात आपली सगळीकडे ओळख आहे असं मीच वर्षानुवर्षं सांगत आलोय. भाचीला स्कूटरवर बसवून निघालो. पहिल्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नर्सिंग झालंय? लॅबचा कोर्स?"

"नाही, तिला डॉक्टर व्हायचंय."

"मग डॉक्टर होऊन या."

दुसरीकडे अनुभव मागितला. तो घ्यायलाच आलोय म्हटलं, तर म्हणे, आधी अनुभव घेऊन या. परतताना माझं मलाच कळेना, की आपण लोकांकडे नेमकं मागतोय काय.

तिसरा दवाखाना आमच्याच गल्लीच्या टोकाला, एका डॉक्टरबाईंचा. तिथं केसपेपर काढल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून मी सरळ माझ्या नावानं केसपेपर काढला. आत शिरलो, तर तोंड उघडायच्या आत मॅडमनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"मॅडम, मी पेशंट नाही, मी नोकरीच्या..."

"बोलू नका, बीपी वाढतं."

ते आधीच वाढलेलं निघालं. गोळ्यांची चिठ्ठी हातात घेऊन मी खुळ्यासारखा उभा राहिलो, तेव्हा भाची मागून म्हणाली, "मॅडम, भायेर लई गोंधळ चाललाय. उद्यापासून मी लावू का नंबर?"

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "आठला येशील?"

त्या गोळ्या मी अजून घेतो. माझ्या एवढ्या ओळखींची एकूण कमाई तीच.

नंबर पुकारायचे, वजन घ्यायचं, ड्रेसिंगला ट्रे धरायचा, अशी तिची कामं. पाचोडच्या एका आजींच्या पायाची जखम उघडली तेव्हा कंपाउंडर भिंत धरून खालीच बसली. आजींनीच तिला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. "पाय माझा, अन् चक्कर तुला व्हय गं?" हे तिनं घरी हसत हसत सांगितलं, पण त्या दिवशी ती जेवली नाही. पुढचे काही दिवस घड्याळाकडे बघून कुणाचा हातही धरला नाही. फॉर्मची मुदत संपत आली होती. मी दाजींना कळवलं, की प्रकरण मिटलं. "बरं झालं," दाजी म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आता ती काय करंल, पाव्हणं?"

ती मात्र रोज आठला जातच राहिली. आणि एका दुपारी क्लास बुडवून माझ्यासमोर येऊन बसली. "मामा, फॉर्म भरतेय. ओटीपी तुमच्या फोनवर येईल."

"म्हणजे भीती गेली?"

"नाय."

"मग?"

"मॅडमना इचारलं, तुमची कधी गेली? म्हणल्या, गेलीच नाय. म्हणून तर प्रत्येक पेशंट दोनदा बघते."

मी ओटीपी सांगितला. भीती वाटते म्हणून सोडायचं असतं, एवढंच मला आयुष्यभर ठाऊक. भीती वाटते म्हणून करायचं, हे गणित मी नंतर बायकोला समजावून सांगायला गेलो आणि मध्येच अडकलो.

यंदा तिचा नंबर लागला, पार विदर्भात. दाजी हल्ली पिशोरच्या बाजारात भेटेल त्याला सांगतात, "आमची आधी कंपाउंडर होती बरं का," जणू कल्पना त्यांचीच.

स्टँडवर तिला सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. गाडी लागली. ताईच्या पाया पडून ती माझ्याकडे आली आणि सवयीनं माझं मनगट धरलं. मीही सवयीनं गप्प उभा राहिलो, मोजताना बोललेलं तिला चालत नाही. फलाटावरचं मोठं घड्याळ नेमकं तिच्या पाठीमागे होतं. ती वळलीच नाही.

कंडक्टरनं घंटी मारली. ती पायरीवर चढली, तेव्हा मी विचारलं, "किती भरले गं?"

"मोजलेच नाय, मामा."